उपाशी कुंड्यांची पंगत

आमच्या लॅबमधून संशोधनाचे पेपर फारसे निघत नाहीत. निघालाच तर कधीतरी एखादा, आणि तोही कुठल्यातरी परीक्षकाच्या टेबलावर जाऊन धूळ खात पडतो. किस्से मात्र रोज निघतात! सकाळी मी कुलूप उघडायच्या आधीच दारात एखादा उभा असतो. मी शुभदा, या लॅबची टेक्निकल असिस्टंट. माहेर मालवण, सासरही मालवण, तेव्हा जिभेला हाड नाही हे वेगळं सांगायला नको. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "शुभे, सांग गो तुझ्या त्या बॅक्टेरियांच्या गजाली." आता बॅक्टेरिया बिचारे काय करणार? ते आपले गप्प असतात. जे काय होतं ते माणसांचं होतं.

कुडाळ-मालवण रस्त्याला एका संस्थेचं संशोधन केंद्र आहे. पाटी मोठी, इमारत लहान. आत आम्ही चौघं. आमचे सर घाटावरून आलेले, डॉक्टरेटवाले, बोलायला लागले की प्रत्येक वाक्य सेमिनारमधलं. प्राची तोंडवलीची, पीएच.डी. करते, दिवसभर तोंड मिटून काम करणारी. बबनकाका आमचे अटेंडंट. लॅबमध्ये ते बाटल्या धुतात, पण गावात त्यांची ओळख वेगळीच आहे. लग्न असो, बारसं असो, पंगतीत वाढायला बबनकाकाच लागतात. हजार पानं उठली तरी एकही पान अर्धपोटी उठलं नाही, हा त्यांचा अभिमान. आणि चौथी मी, या तिघांना सांभाळून घेणारी. निदान माझा तरी तसा समज आहे.

*

मालवणच्या मासळी बाजारात माझी मावशी बसते. एकदा तिने सुरमईच्या तुकड्या करता करता विचारलं, "गो, तू थंय नेमका करतस काय?"

मी म्हटलं, चला, आज विज्ञानाचा प्रसार करू! सांगितलं, "मावशी, ओले काजूगर सोलताना बीचा चीक बोटांना लागला की काय होतं?"

"सालपाटा निघतत."

"तसलीच जहाल रसायनं झाडाच्या मुळातूनही मातीत झिरपतात. आणि तेच मूळ साखरही सोडतं. मातीतले चांगले बॅक्टेरिया त्या साखरेच्या ओढीने धावत येतात आणि दारातच मार खातात. काही मरतात. काही विष अंगात शिरलं की पंपासारखं उपसून बाहेर टाकतात. काही ते विष मोडून चक्क खातात. काही घोळका करून बुळबुळीत थर तयार करतात आणि त्याच्या आड बसतात. जे टिकतात ते मुळावर घर करतात आणि मग झाडाचंच भलं करतात. कोण टिकतं आणि कसं, ते आम्ही बघतो."

मावशीचा कोयता थांबला. "म्हणजे नवीन सून नांदता की नाय, तां बघतत तुमी?"

"साधारण तसंच."

"आणि ह्येच्यासाठी तुका पगार देतत?"

"देतात ना."

"मगे आमच्या वाडयेत येवन बस. थंय सगळा फुकट बघूक गावता!"

सरांनी या विषयावर मोठमोठी भाषणं दिली आहेत. इतकं नेमकं मात्र त्यांना अजून सांगता आलेलं नाही.

*

भाषणावरून आठवलं. कुडाळला काजू बागायतदारांचा मेळावा होता. सरांना व्याख्यानाला बोलावलं होतं. आयोजकांची कल्पना अशी की सर खताबद्दल बोलतील. सरांची कल्पना अशी की समोर आंतरराष्ट्रीय परिषद बसली आहे.

पडद्यावर एक भलामोठा बॅक्टेरिया आला. सर म्हणाले, "या पेशीच्या भिंतीत पंप असतात. वनस्पतीने सोडलेलं विषारी द्रव्य आत शिरताक्षणी हे पंप ते बाहेर फेकतात. अहोरात्र! अखंड!"

मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. अंगात धुतलेली बंडी, चेहरा एकदम भोळा. म्हणाले, "सायबानू, पंपाचा कळला. पण लाईट गेल्यार ते काय करतत?"

हसू पिकलं. सरांना मात्र प्रश्न खराच वाटला. ते गंभीर होऊन म्हणाले, "त्यांना विजेची गरज नसते. ते स्वतःची ऊर्जा स्वतः..." आणि त्याच क्षणाला लाईट गेली! पडदा काळा, माईक बंद, पंखे बंद. सर अंधारात तोंड हलवत होते, एवढंच दिसत होतं.

आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "बघ. बॅक्टेरिया चालू आसा, सायब बंद पडलो!"

सर अजून म्हणतात की कोकणातला शेतकरी विज्ञानाला तयार नाही. मला वाटतं, जरा जास्तच तयार आहे.

*

आता बबनकाका आणि सरांची केबिन.

सरांनी कुठल्याशा जंगलातून रानकाजूची मुळं आणली होती. दुर्मीळ, पंचवीस जणांच्या पाया पडून मिळवलेली वगैरे. ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून केबिनच्या कोपऱ्यात ठेवली. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. दुसऱ्या दिवशी बबनकाकांनी केबिन झाडली. कोपऱ्यात सुकलेली मुळं दिसली. ती त्यांनी बंबाखाली घातली. वर आम्हाला सांगितलं, "आज पाणी झटक्यान तापला हां. लाकडां बरी होती."

सरांनी जो आरडाओरडा केला तो रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीवर ऐकू गेला. "बबन! आजपासून माझ्या केबिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही! माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही! समजलं?"

बबनकाका मान खाली घालून बाहेर आले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मी चहा पुढे केला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "बरा झाला, बाय. एक खोली झाडूची कमी झाली."

त्या दिवसापासून ती केबिन झाडलेली नाही. पाहुणे आले की सर टेबलावर बोट फिरवतात आणि म्हणतात, "संशोधनात डोकं असलं की बाकीचं सुचत नाही हो."

*

यात प्राचीचा बॅक्टेरिया कुठून आला, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

तोंडवलीला समुद्राच्या अगदी जवळ, वाळूत, खाऱ्या वाऱ्यात एक जुनं काजूचं झाड आहे. खायला धड माती नाही, तरी दरवर्षी लगडतं. प्राचीने त्याच्या मुळावरून एक बॅक्टेरिया वेगळा काढला. प्लेटवर त्याच्या कॉलन्या केशरी दिसतात, अगदी पिकल्या बोंडासारख्या. आम्ही त्याला तोंडवलीकर म्हणायला लागलो.

तोंडवलीकरांचं लॅबमध्ये काय कोडकौतुक! वेळेवर पोषक सूप, वेळेवर ऊब, शेकर नावाच्या हलत्या यंत्रावर झोके. वर्षभर मजेत वाढले. मग एक दिवस प्राचीने त्यांना काजूच्या रोपाच्या मुळांवर सोडलं. आठवड्याने बघितलं तर मुळं स्वच्छ! एकही शिल्लक नाही. ज्या विषात यांच्या पिढ्यानपिढ्या नांदल्या, ते यांना आता झेपेना. वर्षभराच्या आयत्या सुपाने पंप उपसायची सवयच मोडली होती.

माझा एक चुलतभाऊ मुंबईला गेला आणि दुसऱ्या मे महिन्यात परत येऊन आईला म्हणाला, "सार जरा तिखट झालाय, नाय?" आईने जो चेहरा केला होता तोच चेहरा त्या दिवशी प्राचीचा होता.

सरांनी ताबडतोब कारण शोधलं. "यू पीपल आर नॉट सिरीयस!"

विनोद सोडा, प्रकरण गंभीर होतं. प्रोजेक्टचा शेवटचा रिव्ह्यू फेब्रुवारीत होता. कमिटी येणार, कुंड्या बघणार. बॅक्टेरिया मुळावर टिकला आणि रोपाला त्याचा उपयोग झाला हे दिसलं तर मुदतवाढ, नाहीतर प्रोजेक्ट बंद. सरांचं काय, ते दुसऱ्या पाटीखाली जाऊन बसले असते. प्राचीची पीएच.डी. मात्र अर्ध्यात गेली असती. तिच्या बाबांनी मुंबईच्या मामाकडे शब्द टाकून ठेवला होता. बिस्किटांच्या कारखान्यात टेस्टिंगची नोकरी, मार्चपासून. प्राची एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलायची. त्या संध्याकाळी बसची वाट बघताना म्हणाली, "ताय, माका जावचा नाय. त्या झाडाखाली मी लहानाची मोठी झालंय. तां कसा जगता, माका बघूचा आसा." आणि बस आली, ती चढली.

*

एकदा तिचे बाबा लॅब बघायला आले. मच्छीमार माणूस, हल्ली पर्यटकांना होडीतून फिरवतात. मुलगी एवढा जीव कशावर टाकते ते बघायचं होतं. प्राचीने मायक्रोस्कोपखाली तोंडवलीकर लावले. बाबांनी एक डोळा मिटला, बराच वेळ वाकून बघितलं.

"ह्ये?"

"होय बाबा."

"ह्येंच्यासाठी तू मुंबयची नोकरी सोडूक बघतस?"

"होय."

बाबांनी पुन्हा वाकून बघितलं. मग सरळ झाले आणि मला म्हणाले, "म्याडम, आमी पण दर्यात जातो. पण मिळालेला निदान दिसता तरी!"

*

प्राचीने ठरवलं, तोंडवलीकरांना पुन्हा तिखटाची सवय लावायची. सुपात काजूच्या मुळांचा अर्क थेंबाथेंबाने वाढवत न्यायचा. काम चिवट. आज एक थेंब, परवा दोन. असं करत ती चतुर्थीपर्यंत आली.

आता चतुर्थीला सिंधुदुर्गात काय होतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. अख्खा जिल्हा घरी जातो. जो घरीच असतो तोसुद्धा घरी जातो. निघायच्या गडबडीत कुणाच्या हातून कोण जाणे, पण फ्लास्कमध्ये थेंबांऐवजी अर्काची अख्खी बाटली रिकामी झाली. वर तो फ्लास्क काढून ठेवायचा कुणी, हे प्राचीला वाटलं मी, मला वाटलं बबनकाका, बबनकाकांना वाटलं सर. सरांना काहीच वाटलं नाही, ते केव्हाच घाटाच्या वर पोचले होते. फ्लास्क शेकरवर आणि आम्ही सगळे मोदकांवर!

गौरी-गणपती आटोपून परत आलो तर लॅबमध्ये शिरवेना. शेकर बंद पडलेला. फ्लास्कमध्ये काळपट पाणी, त्याला असा वास की बबनकाका म्हणाले, "सुक्या बांगड्यांचा गोदाम बरा." प्राची स्टुलावर बसून ढसाढसा रडली. मी म्हटलं, "फेकून दे गो." ती म्हणाली, "फेकूच्या आधी एकदा प्लेटवर घालून बघतंय."

दोन दिवसांनी प्लेटवर केशरी ठिपके! मोजके, बारके, पण जिवंत. बाकीचे सगळे मेले होते. हे जे चार उरले त्यांनी मालवणी सार पचवलं होतं. प्राचीने त्यांनाच वाढवलं, मुळांवर सोडलं, आणि या वेळेला ते चिकटले ते चिकटलेच.

पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये सरांच्या पहिल्याच स्लाईडवर होतं, 'काळजीपूर्वक आखलेली ताण-अनुकूलन प्रक्रिया.'

बबनकाकांनी मला विचारलं, "बाय, ह्या काय?"

म्हटलं, "गणपती."

*

मग कुंड्या आल्या. मागच्या शेडनेटखाली दोन ओळी. सगळीकडे तीच माती, तीच रोपं. डावीकडच्या ओळीला तोंडवलीकरांचं पाणी, उजवीकडच्या ओळीला नुसतं पाणी. उजवी ओळ म्हणजे कंट्रोल. बॅक्टेरियामुळे किती फरक पडला हे कळायचं तर काही रोपांना तो मिळता कामा नये, एवढी साधी गोष्ट. प्राचीने बबनकाकांना ती नीट समजावली. काकांनी मान डोलावली, पण चेहरा काही बरा नव्हता.

त्याच आठवड्यात संस्थेचे कोणी मान्यवर येणार होते. सरांना वाटलं, केबिनच्या खिडकीत थोडी हिरवळ असावी, फोटो बरा येईल. ते शेडनेटखाली आले आणि उजव्या ओळीच्या टोकाच्या चार कुंड्या उचलायला लागले.

प्राची धावली. "सर, ती कंट्रोल आहेत!"

"म्हणूनच नेतोय. त्यांना काहीच करायचं नाही ना?"

"नाही सर, पण..."

"मग ते मी करतो!"

आणि खरं सांगते, काहीही न करण्याची ही जबाबदारी सरांनी आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा मन लावून पार पाडली.

*

आता रिव्ह्यूचा दिवस.

त्याच्या आधीच्या आठवड्यात प्राचीने रोपं मोजायला घेतली. शेडनेटखाली दोन्ही ओळी सारख्याच! डावी तजेलदार, उजवीही तजेलदार. पट्टी लावली तरी फरक निघेना. तिने उजव्या ओळीतल्या मुळांची तपासणी केली तर प्लेटभर केशरी ठिपके. जिथे एकही तोंडवलीकर नको होता तिथे अख्खी तोंडवली वसली होती. सरांनी प्लेटा बघितल्या आणि म्हणाले, "कंटॅमिनेशन. या बाहेर काढायच्या नाहीत. डाव्या ओळीच्या दाखव आणि गप्प बस."

कमिटीत तिघं होते. दोघांचं लक्ष घड्याळाकडे आणि दुपारच्या माशांकडे. तिसऱ्या एक वयस्क मॅडम, पायात साध्या चपला, गळ्यात चष्मा. सरांची ताण-अनुकूलन प्रक्रिया त्यांनी शांतपणे ऐकली. मग शेडनेटखाली गेल्या, या ओळीतून त्या ओळीत फिरल्या आणि म्हणाल्या, "कंट्रोलच्या प्लेटा बघू."

सर म्हणाले, "त्या अजून प्रोसेसमध्ये..."

"तयार आहेत," प्राची म्हणाली.

ती आत गेली आणि प्लेटा घेऊन आली. तिला पक्कं माहीत होतं, या प्लेटा पुढे केल्या की मुंबईचं तिकीट निघालं. तरी तिने त्या मॅडमच्या हातात दिल्या. मला तिचा अभिमानही वाटला आणि एक धपाटा घालावासाही वाटला.

मॅडमनी चष्मा लावला. "हे तर तुझेच बॅक्टेरिया. नुसत्या पाण्याच्या रोपांवर हे आले कुठून?"

प्राची म्हणाली, "मला माहीत नाही, मॅडम." आवाज अगदी आत गेलेला.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले बबनकाका म्हणाले, "मिया घातलंय."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"म्हणजे?" मॅडम.

काकांनी प्राचीकडे मान केली. "ह्या चेडू त्या वळीक औषध घाली आणि उरला की बाटली माझ्या हातात देय. म्हणा, शिजवून मारून टाका. मारूचा कशाक? मिया ह्या वळीक घालीत होतंय." काकांचा आवाज चढला. "म्याडम, पंगत बसली की अर्ध्यांका वाढून अर्ध्यांका ताटकळत ठेवतत? बाजूबाजूक बसलेली पोरां ती! एक जेवता आणि एक बघता! माझ्या हातान तां होवचा नाय."

सरांचा चेहरा पांढरा पडला. प्राची काकांकडे बघतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तेव्हा कुठे काकांना कळलं की आपण काय करून बसलो. "माका खंय ठावक, बाय... तुझ्या पोटावर येतला म्हणान..."

मला त्यांचा इतका राग आला होता! आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मॅडमनी कप उचलला. एक घोट घेतला. मग विचारलं, "काका, तुमच्या पंगतीत कोणी उपाशी राहिलंच नाही का?"

काकांनी विचार केला. "रवली. चार रवली."

"कुठे आहेत?"

"सायबांच्या केबिनात. थंय माका जावची बंदी आसा."

अख्खी मिरवणूक केबिनमध्ये गेली. खिडकीत चार कुंड्या. पानं पिवळी, खोड काडीसारखं, आणि वर आमच्या केबिनची सुप्रसिद्ध धूळ. शेडनेटखालच्या रोपांच्या निम्मीसुद्धा नव्हती.

मॅडमनी विचारलं, "यांची काळजी कोण घेतं?"

सर सवयीने छाती पुढे काढून म्हणाले, "मी स्वतः!"

मॅडम म्हणाल्या, "दिसतंय."

मग त्यांनी प्राचीला एक रोप उपटायला लावलं आणि तिथेच मुळं प्लेटवर लावून घेतली. सांगितलं, "नुसती उंची बघून मी काही मानणार नाही. इथला उजेड वेगळा, आणि सांभाळणाराही वेगळा. पण प्लेट काय म्हणते ते मला कळव." प्लेट स्वच्छ निघाली, एकही केशरी ठिपका नाही. म्हणजे बॅक्टेरिया मातीतून आपोआप आले नव्हते. काकांनी उरलंसुरलं वाढलं होतं, तेवढ्यावर ते कुणी न सांगता त्या जहाल मुळांवर घर करून बसले होते. महिन्याभरात मॅडमकडून कळलं, एक वर्षाची मुदतवाढ. अट एकच, सगळा प्रयोग पहिल्यापासून, आणि कंट्रोल खरोखर कंट्रोल.

बिस्किटांच्या कारखान्यात मामाने दुसऱ्याच कुणाला तरी लावून दिलं.

*

नव्या कुंड्या जूनच्या आधी लागल्या. पुन्हा दोन ओळी. पहिल्या दिवशी प्राचीने डाव्या ओळीला तोंडवलीकर दिले. उरलेली बाटली या वेळेला तिने स्वतः नेऊन ऑटोक्लेव्हच्या वाफेत शिजायला ठेवली.

बबनकाका शेडनेटच्या खांबाला टेकून, पाठ करून उभे होते. रिव्ह्यूनंतर ते त्या बाजूला फिरकलेच नव्हते. प्राचीशी बोलायचे ते खाली बघून.

प्राची परत आली. पाण्याने भरलेली झारी तिने त्यांच्यापुढे धरली. "काका, ह्या वळीक तुमी वाढा."

"काय?"

"नुसता पाणी."

काकांनी झारीकडे बघितलं, मग तिच्याकडे. झारी घेतली. खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला, लग्नात बांधतात तसा घट्ट. पहिल्या कुंडीपाशी वाकले, बारीक धार धरली, सांडू न देता. दुसरी, तिसरी, चौथी. एकही सोडली नाही.

ओळीच्या शेवटी पोचले तेव्हा मागे वळले. सगळ्या उपाशी रोपांकडे एकदा बघून घेतलं आणि हात जोडले.

"सावकाश होवंदे हां," म्हणाले. "गोड मानून घेवा."